सहाचं पाणी

मेकॅनिक भाताच्या खाचरात उभा राहून सेन्सरची पेटी उघडत होता, आणि बांधावर शेताच्या मालकिणीचा, म्हातारीचा, जीव टांगणीला लागला होता.

"काढून नेणार का रे हे?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"आधी बघू तर द्या, मावशी."

खाचरात खांब, खांबावर पेटी, पेटीच्या तळाला बटणाएवढा काळा डोळा. पाणी किती चढलंय ते हा डोळा वरून मोजायचा. जास्त चढलं की परगावी असलेल्या लेकीच्या फोनवर संदेश जायचा, आणि एरवी आठ-आठ दिवस सवड न मिळणारी लेक लगेच फोन करायची, "आई, पाणी चढलं का गं?" मग इकडचं तिकडचं बोलणं निघायचं.

पेटी बसवल्यावर म्हातारीने हे आठवड्याभरात हेरलं होतं. चाळीस वर्षं भात लावल्यावर पाण्याचा अंदाज तिच्या घोट्यालाच यायचा. पण घोट्याने लेकीचा फोन थोडाच येतो? म्हणून रोज सकाळी सहाला ती त्या डोळ्याखाली तळहात धरायची, आणि डोळ्याला ते चढलेलं पाणीच वाटायचं. परवापासून तापाने पडली होती, तेवढाच खंड.

आता चोराच्या मनात चांदणं. यंत्र गेलं की फोनही गेला, एवढंच तिला दिसत होतं.

मेकॅनिकने पट्टी लावून पाणी मोजलं, मोबाइलवर आकडा पाहिला, पुन्हा मोजलं.

"मशीन ठणठणीत आहे."

"मग तक्रार कसली? खोटं पाणी दाखवतं, अशीच ना?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"उलटंच आहे, मावशी. तुमच्या मुलीने लिहिलंय बघा." तो वाचू लागला. "'रोज सकाळी सहाला पाणी चढतं. परवा आणि काल चढलं नाही. आई फोनवर बरी आहे म्हणते, पण तिच्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः जाऊन बघा.'" त्याने डोकं खाजवलं. "खाचराला काय समुद्रासारखी भरती येते का? माझ्या तर सगळं डोक्यावरून गेलं."

लेकीला सगळं ठाऊक होतं, आणि तरी ती रोज न चुकता विचारत होती. तिला भरून आलं.

चपला बांधावर काढून ती खाचरात उतरली. अंगात अजून कणकण होती. खांबापाशी जाऊन तिने डोळ्याखाली तळहात धरला. मेकॅनिक बघतच राहिला.

कमरेच्या पिशवीतला फोन वाजला.

"आई! पाणी चढलं का गं?"

"चढलं गं बाई," घोटाभर पाण्यात उभी राहून म्हातारी म्हणाली. "आज चढलं."