कोर्ट उठेपर्यंत

"आज्जी, ह्यात पप्पांना गुन्हेगार म्हटलंय," पत्रक वाचता वाचता प्रांजल थांबली.

हरणाबाईनं नातीचा हात घट्ट धरला. तिच्या लेकाच्या, नानासोच्या प्रचारसभेला बाजारतळावर पाय ठेवायला जागा नव्हती आणि ज्याच्या त्याच्या हातात तेच पत्रक होतं. 'शिक्षा झालेला आमदार पुन्हा हवा का?' नानासोनं ती शिक्षा उमेदवारी अर्जात स्वतःच्या हातानं लिहिली होती. पाच वर्षांपूर्वीही लिहिली होती. तेव्हा कुणी ते पान उलटायची तसदी घेतली नव्हती. आता नानासो जड जायला लागला, तशी विरोधकांना वाचनाची गोडी लागली.

खरं काय ते हरणाबाईला ठाऊक होतं. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माणदेशात गवताची काडी उरली नव्हती आणि मेंढरं घेऊन इस्लामपूरकडं उतरायला अजून महिना होता. फॉरेस्टच्या तारेपलीकडं मात्र हिरवं दिसत होतं. "गार्ड जेवायला गेला की घाल आत. तासाभरात काय हुतंय?" असं तीच पोराला म्हणाली होती. गार्ड नेमका त्या दिवशी डबा घेऊन आला होता.

अठरा वर्षांचा नानासो तालुक्याच्या कोर्टात उभा राहिला. त्यानं गुन्हा कबूल केला आणि शिक्षा झाली. पुढं तो साताऱ्याला वकिली शिकला, मेंढपाळांच्या केसेस फुकट लढला, आमदार झाला. गावानं गुलाल उधळला त्या दिवशी हरणाबाई घरातच बसून होती. अभिमान उरात मावत नव्हता. पण पोराला डाग लावणाऱ्या आईला तो मिरवायचा हक्क नाही, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

नानासो बोलायला उभा राहिला आणि पहिल्याच रांगेतून हंबीरराव ओरडला. विरोधकांनी त्याला त्यासाठीच पुढं बसवलं होतं.

"शिक्षा भोगलीय का न्हाई? व्हय का न्हाई, तेवढंच सांगा!"

हरणाबाईनं तोंडाला पदर लावला. पोराची आमदारकी आता आपल्या पायी जाणार, एवढंच तिला दिसत होतं.

"व्हय, भोगलीय," नानासो म्हणाला. "कोर्ट उठेपातूर कोर्टातच बसून ऱ्हायची शिक्षा हुती. सकाळी अकराला बसलो, सांजंला उठलो. दिवसभर निस्तं बघत हुतो. ज्याच्या बाजूनं काळा कोट उभा ऱ्हायचा, त्याचं जज्जसायब ऐकून घ्यायचं. आमच्या मेंढरंवाल्यांच्या बाजूनं कोणच नव्हतं. मिल्ट्रीत भरती व्हायचं ठरलं हुतं माझं. पर त्या बाकावरनं उठलो, ते वकील व्हायचं ठरवूनच!"

मग शिट्ट्या-टाळ्यांचा असा गजर झाला की हंबीररावानं मान खाली घातली.

हरणाबाईनं तोंडावरचा पदर काढून कमरेला खोचला. प्रांजलचा हात सोडून ती गर्दीतून वाट काढत थेट पहिल्या रांगेपर्यंत गेली. हंबीररावापुढं ताठ उभी राहिली आणि साऱ्या तळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आयकलंस न्हवं रं? त्याला त्या कोर्टात धाडणारी मी हाय!"