पाच खाटा

अंदमानच्या शाळेतून आलेलं नेमणुकीचं पत्र अभिमनने तीन दिवस खिशातच ठेवलं. बायको यायला तयार होती. आई मात्र एरंडोल सोडणार नाही, हे न विचारताही ठाऊक होतं. उद्या उत्तर टाकायचंच होतं, म्हणून तो सकाळी गच्चीवर गेला. आई खाटेवर ओलं कापड अंथरून ज्वारीचे पापडासारखे बिबडे थापत होती. त्याने पत्राचं सांगितलं. "माय, जाऊ का नको?" ती थापत राहिली. दरवर्षी दोन खाटा भरायच्या. आज पाच भरल्या होत्या. "इतलं कोण खाई?" त्याने विचारलं. "तुम्हीच. तठे आठ महिना पाऊस शे म्हने. बिबडे वाळतीन का?" पावसाचं तर तो बोललाच नव्हता. पाण्याची कळशी घेऊन आलेली बायको जिन्यातच थांबली, मान खाली घालून. अभिमनने पुन्हा खाटांकडे पाहिलं. बिबड्यांची ज्वारी तीन दिवस आधी भिजत घालावी लागते.