घंटेतलं गवत

स्पेनमधल्या पिको घाटातल्या दगडी रोमन रस्त्यावर अर्धी चढण संपली आणि कळपापुढची म्हातारी गाय मधोमध थांबली. खालचं टाकं कोरडं निघालं होतं, मागे चाळीस तहानलेली गुरं खोळंबली होती. "चल गं, भवाने," कासिल्दा वैतागली. "बाबा, मी ट्रक बोलावते." इलारिओनं उगारलेली काठी खाली घेतली. "हिची आईसुद्धा इथंच थांबायची. मी दरवर्षी हाणायचो." मग त्यानं गायीच्या घंटेत मूठभर गवत कोंबलं. घंटा मुकी झाली तशी पायाखालची खळखळ ऐकू आली. कासिल्दानं दगडाला कान लावला, मग कडेच्या काटेरी झुडपात हात घातला. रस्त्याखालून पाणी काढणाऱ्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या मोरीचं तोंड पाल्यानं बुजलं होतं. पाला ओढताच मनगटाएवढी धार सुटली. आधी गाय प्यायली. चर्चमध्ये काढतात तशी इलारिओनं टोपी काढली. "मी बांधलेला गोठा," तो कुजबुजला, "पहिल्याच पावसात गळला."