भावनगरचा पर्याय

"भावनगर काढून टाका, मॅडम," धनश्री म्हणाली.

छायाचा हात माउसवर थांबला. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. कॉलेजांचे पर्याय पाच वाजेपर्यंतच भरता येणार होते आणि आज शेवटचा दिवस होता. सुरतेत लिंबायतच्या मार्गदर्शन केंद्राबाहेरच्या बाकावर अजून नऊ मुली बसल्या होत्या.

"बरं. मग कुठलं टाकू?"

"कुठलंच नको. नर्सिंगच नको. इथंच उधन्याला बी.ए. करते. दुपारी घरी येता येतं."

छायानं गुणपत्रिका पुन्हा पाहिली. बारावी सायन्स, मराठी माध्यम, एक्क्याऐंशी टक्के. एवढ्यावर सुरतेतलं सरकारी नर्सिंग कॉलेज मिळत नव्हतं. खासगीचा प्रश्नच नव्हता. भावनगरचं सरकारी कॉलेज मात्र जवळजवळ हातात होतं, हॉस्टेलसकट.

मग तिनं मुलीच्या बापाकडे पाहिलं. लोटू लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कारागीर होता. आल्यापासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं. खुर्चीत मान टाकून तो झोपला होता.

छायाला हे सगळं पाठ झालं होतं. आठ वर्षं ती या टेबलाशी बसून फॉर्म भरत होती. मुली ऐन वेळी नको म्हणतात, तेव्हा घरी कुणीतरी आधीच नको म्हटलेलं असतं. सुरुवातीला ती भांडायची. हल्ली ती मुकाट्यानं फॉर्म बदलायची आणि पुढच्या मुलीला हाक मारायची. सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं. तिनं बाण भावनगरवर नेला. मग, का कोण जाणे, तिनं माउस सोडून दिला.

"काका, उठा."

लोटू दचकून सरळ बसला. "जागाच आहे ताई. रात्रपाळी ना."

"रात्रपाळीवाले दिवसा झोपतात. साडेचार वाजत आले."

लोटू ओशाळून हसला. छायाला ते हसणं आवडलं नाही.

"पोरीच्या चार वर्षांचा निकाल लागतोय आणि तुम्ही घोरताय. हॉस्टेल सरकारी आहे, काका. वॉर्डन असते, सातला फाटक बंद होतं. चार वर्षांनी हॉस्पिटलात नोकरीला लागेल. इथं ठेवून काय करणार तिचं? बी.ए.च्या नावाखाली ती घरात साड्यांवर खडे चिकटवत बसेल. तुम्हाला भाकरी वेळेवर मिळेल, एवढंच."

तिचा आवाज चढला होता. बाहेरच्या बाकावरची कुजबुज थांबली. लोटू मान हलवत सगळं ऐकत होता.

"बरोबर बोलता तुम्ही," तो म्हणाला.

"मग?"

"मग ते तिले सांगा ना ताई. माले काय सांगता? पंधरा दिवस झाले, मी सांगून सांगून थकलो. वर्गाच्या मास्तरांना घरी बोलावलं. त्यांचंही ऐकलं नाही."

छाया धनश्रीकडे वळली. बापांना काय सांगायचं ते तिला झोपेतही आलं असतं. मुलीला काय सांगायचं, ते सुचेना.

"का गं?" तिनं एवढंच विचारलं.

धनश्रीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मम्मीला आता खडा दिसत नाही, मॅडम. डोळे गेलेत तिचे त्या कामानं. साड्यांचं पोटलं येतं तिच्या नावानं, पण करते मीच. पोटलं बंद झालं तर घर कसं चालेल? एकट्या लूमवर?"

"मी करीन म्हणालो ना," लोटू म्हणाला.

"तुम्ही?" ती फणकारली. "मॅडम, यांचे खडे सगळे तिरपे. गोंदाचे डाग पडतात. मागच्या आठवड्यात अख्खं पोटलं शेठनं परत पाठवलं. गल्लीतल्या बाया हसल्या ते वेगळंच."

"हसू दे."

"हसू दे काय! हात लूमचा आहे तुमचा, पप्पा. नाही जमत ते."

लोटूनं डोळे चोळले. "अन् कालचं पोटलं?"

"त्याचं काय? ते तर शेठनं घेतलं. एकही साडी परत नाही केली."

"कोणी केलं ते?"

"मम्मीनं. मी दिवसभर मामलतदार कचेरीत दाखल्याच्या रांगेत होते. घरी आले तर सगळ्या साड्या घडी करून ठेवलेल्या. 'मीच केल्या,' म्हणाली ती."

लोटूनं बोटावरचा वाळलेला गोंद नखानं खरवडला. मग मुलीकडे न बघता हळूच म्हणाला,

"मम्मीले खडा दिसत नाही ना, बेटा."