सहकुटुंब पायवाट

नवनाथने पायवाटेच्या तोंडाशी बांधलेल्या दोरीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मावशी, आज इकडून नाही. वरच्या अंगाने जा."

नवसाबाई थांबली. कडेवर दीड वर्षाची नात रोशनी पेंगुळली होती. पाड्यापासून धरणापर्यंत ती भराभर चालत आली होती. इथून पुढे पाण्याच्या काठाकाठाने, सागाच्या झाडीतून ही वाट पलीकडच्या शाळेपर्यंत जायची. अर्ध्या तासाचं चालणं. आज शाळेत पोलिओचा डोस होता. पोरीचे आईबाप पिंपळगावला द्राक्षाच्या कामावर होते. डोस चुकवू नका, असं सुनेने फोनवर दोनदा बजावलं होतं.

"वरून खिंडीतनं जावं लागतं," ती म्हणाली. "उतरण लय वाईट हाय. पोरीला घेऊन कशी उतरू?"

"मग दोन तास बसा सावलीत. आमचा ग्रुप फिरून आला की वाट मोकळीच आहे."

दोरीच्या आत नाशिकहून निसर्गफेरीसाठी आलेली दहा-बारा कुटुंबं उभी होती. डोक्यावर टोप्या, गळ्यात दुर्बिणी, एक बाबागाडीसुद्धा. नवनाथच्या अंगात नारिंगी जाकीट होतं, हातात नावांची यादी. तो काही उर्मट माणूस नव्हता. त्याला फक्त सगळं वेळेत सुरू करायचं होतं.

वाटेच्या कडेला नवा कोरा बोर्ड उभा होता. नवसाबाईने दोरीपलीकडच्या बाईला विचारलं, "काय लिव्हलंय गं ताई त्याच्यावर?"

त्या बाईचं नाव मनीषा. तिचा चार वर्षांचा स्वराज तिचं बोट धरून उभा होता. तिने वाचलं, "सोपी सहकुटुंब पायवाट. लहान मुलांसाठी सुरक्षित." शेवटचे शब्द तिने जरा हळूच वाचले.

नवसाबाई नवनाथकडे वळली. "ही बी लहानच हाय."

"नोंदणी लागते, मावशी. ऑनलाइन. आणि तुम्हाला एकटीला सोडलं की मागून अख्खा पाडा येणार, मग शेळ्या येणार. लोक इथे शांततेसाठी येतात. दोन महिने खपून आम्ही ही वाट तयार केलीये."

नवसाबाईने वाटेच्या कडेच्या पांढऱ्या दगडांकडे बोट केलं.

"तयार केली? दगडांना चुना फासला तुम्ही. लगीन होऊन आले तवापासून याच वाटेनं पाणी आणलं, लाकडं आणली, अडलेल्या बाया दवाखान्यात नेल्या. आमच्या पायाखाली गवत उगवायचं थांबलं, म्हणून तुम्हाला वाट दिसली."

ती आवाज चढवून बोलली नव्हती, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. मनीषा खाली वाकून स्वराजच्या बुटाची नाडी बांधू लागली. नाडी सुटलेली नव्हती.

मागून एक गृहस्थ म्हणाले, "अहो, यांना नियम सांगून काही उपयोग नसतो. उन्हं वाढतायत, आपण निघू या."

नवसाबाईने त्या गृहस्थांकडे नीट बघून घेतलं. मग रोशनीला खांद्यावर टाकलं, एका हाताने दोरी उचलली आणि वाकून आत आली. नवनाथ दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला.

"मावशी, ऐका माझं."

"सरक, दादा. पोरीला डोस द्यायचाय. उद्या हिचा पाय लुळा पडला तर तुझी यादी येणार हाय का तिला उचलायला?"

नवनाथचे हात खाली आले. ती घोळक्यातून सरळ चालू लागली. लोकांना बाजूला व्हावं लागलं, बाबागाडी गवतात ओढून घ्यावी लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

डोस हा शब्द ऐकून मनीषा मात्र दचकली. आज पोलिओ रविवार होता. पहाटे निघायच्या गडबडीत ती साफ विसरली होती. तिने नवनाथला कसंबसं सांगितलं आणि स्वराजला उचलून नवसाबाईच्या मागे जवळजवळ पळत सुटली. पण नवसाबाई झपाझप गेली. मनीषाने तिला गाठलं ते थेट शाळेच्या ओट्यावर.

आशा सेविका सविता लसीचा डबा उघडून बसली होती. रोशनीच्या तोंडात दोन थेंब टाकून तिने पोरीच्या करंगळीवर खूण केली. "उशीर केला, नवसाबाई?"

"वाट बंद व्हती."

"वाट कशी बंद व्हईल?" सविता हसली. नवसाबाई हसली नाही.

मनीषा धापा टाकत होती. स्वराजला पुढे बसवून ती म्हणाली, "मावशी, बरं झालं तुम्ही भेटलात, नाहीतर याचा डोस राहिलाच असता." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि त्याने तुम्हाला असं अडवायला नको होतं. फार चुकीचं वागला तो. मला तर इतका राग आला."

नवसाबाई ओट्याच्या कडेला बसून रोशनीचं तोंड पदराने पुसत होती. तिने मान वर केली.

"तो आडवा आला तवा तू कुठं व्हतीस?"



"तिथंच," मनीषा म्हणाली.

स्वराजने ओठ घट्ट मिटून घेतले होते. सविताने त्याची हनुवटी धरली.

"उघड की रे तोंड," ती म्हणाली. "एवढंच तर करायचं हाय."