घशातला बाण

भाड्याची गाडी कुमुदिनीबाई चालवत होत्या आणि तोंड त्यांचे यजमान, चिपळूणचे निवृत्त इतिहासमास्तर. पोलंडमधल्या वॉर्सा ते क्राकूव्ह या तीनशे किलोमीटरांत त्यांनी एकही राजा मारायचा शिल्लक ठेवला नाही.

क्राकूव्हच्या चौकात चर्चच्या मनोऱ्यावरून तुतारी वाजली आणि सूर मध्येच तुटला.

"शत्रू बघून पहारेकऱ्याने तुतारी फुंकली," मास्तर म्हणाले, "तेवढ्यात त्याच्या घशात बाण घुसला. दंतकथा आहे. म्हणून आजही तिथेच थांबतात."

"तुम्हाला नाही कुणी मारला तो," बाई फणकारल्या. "मधे थांबला असतात तरी!"

मास्तर गप्प झाले. दुसऱ्या दिवशी व्रोत्सवाफपर्यंतचे तीन तासही गप्पच. बाईंना आधी हायसं वाटलं. मग येणारं प्रत्येक चर्च नुसतं दगडविटांचं होऊन मागे पडायला लागलं, आणि गाडी खायला उठली.

व्रोत्सवाफच्या फुटपाथवर एका बुटक्याचा वीतभर ब्राँझचा पुतळा उभा होता, कालच ओतल्यासारखा चकचकीत. मास्तरांचे ओठ उघडले, पुन्हा मिटले.

"अहो, हा कोण?"

मास्तरांनी घशाकडे बोट दाखवलं.

बाईंनी भर रस्त्यात त्यांची मान धरली, दोन बोटांनी काहीतरी उपसल्यासारखं केलं आणि भिरकावून दिलं. "काढला. बोला आता."

मास्तर खाकरले. "तर इसवी सन एक हजारमध्ये..."

बाईंनी बूट काढले आणि बुटक्याशेजारी फतकल मारली.