हलका ट्रिगर

नेमबाजाच्या नव्या एअर रायफलचा ट्रिगर बॅटरीवर चालायचा आणि मोबाइलवरून हवा तसा लावता यायचा. हलका केला तर माशी बसली तरी छर्रा सुटायचा, आणि जड केला तर बैल जुंपले तरी ढिम्म हलायचा नाही! पण चष्म्याशिवाय त्याला स्क्रीन दिसायची नाही, आणि नेमबाजाने चष्मा लावायचा म्हणजे केवढा कमीपणा. तेव्हा घरातल्या सगळ्या कामांसारखं हेही बायकोच्या गळ्यात पडलं. रायफलच्या दस्त्यावरची, नेम धरताना गाल टेकायची गालपट्टीही तिनेच त्याच्या गालाच्या मापाने लावून दिली होती. त्या पट्टीचा वळ मात्र बायकोच्या गालावर होता.

आज तिच्या माहेरहून आलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याने त्याचा नेमबाजीचा हातमोजा चघळला. त्याने कुत्र्याला अंगणातल्या खांबाला बांधलं आणि रायफल भरली.

“अहो, मुकं जनावर ते, सोडा ना त्याला!”

“तोंड बंद! ट्रिगर हलका कर. याच्यानंतर तुझाच नंबर आहे.”

“केला हो,” मोबाइलवरचं बोट पार टोकाला नेत ती म्हणाली.

त्याने नेम धरून ट्रिगर दाबला, दात-ओठ खाऊन पुन्हा दाबला. काही केल्या छर्रा सुटेना. भडकून त्याने दस्ता जमिनीवर आपटला, नळीला डोळा लावला आणि अंगठ्याने ट्रिगर दाबत खेकसला, “अगं भवाने, नक्की हलका केलायस ना?”

 

“हा काय, आता केला,” म्हणत तिने बोट दुसऱ्या टोकाला सरकवलं.